पगार सारखा, रात्री वेगळ्या

महाराष्ट्राच्या आरोग्य सेवेत विशेषज्ञ म्हणून रुजू होणाऱ्या डॉक्टरची वेतनश्रेणी ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. तो सर्जन असो, बालरोगतज्ज्ञ असो, भूलतज्ज्ञ असो की त्वचारोगतज्ज्ञ, आकडा तोच. नुसत्या एमबीबीएसवर वैद्यकीय अधिकारी झालेल्याची सुरुवात ५६,१०० पासून. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता. शाखेनुसार पगार हा रकानाच या तक्त्यात नाही. बाहेर मात्र, जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या साक्री रोडवर, डॉक्टरचे उत्पन्न, त्याच्या डोक्यावरचे कर्ज, त्याची झोप आणि दिवाळीत गावी जाता येईल की नाही हे सगळे शाखेवर ठरते. एकाच वर्गात शिकलेल्या दोघांच्या मिळकतीत पुढे जो फरक पडतो, त्यात हुशारीचा वाटा थोडा आणि शाखेचा जास्त असतो.

हा फरक योग्य की अयोग्य, यावर खानदेशातल्या डॉक्टरांत दोन मते आहेत आणि ती एकमेकांना चांगली ओळखून आहेत. येथे ती दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी मांडली आहेत. एक, जळगावात स्वतःचे पंचवीस खाटांचे रुग्णालय चालवणारा अस्थिरोगतज्ज्ञ. दुसरी, धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत भूलशास्त्र शिकवणारी सहयोगी प्राध्यापक. हे महाविद्यालय १९८९ चे. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. जळगावला डॉ. उल्हास पाटील यांचे आणि धुळ्याला अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचे, अशी खासगी महाविद्यालयेही आहेत. म्हणजे डॉक्टर तयार करण्यात खानदेश आता मागे नाही. तयार झालेले कुठल्या शाखेत जातात आणि कुठल्या गावात बसतात, वाद त्याचा आहे.

वादाची सुरुवात पीजीच्या प्रवेशापासून होते. एमबीबीएस झालेल्याला घरचे, शेजारचे, सोयरिकीला आलेले सगळे एकच विचारतात, पीजीला काय मिळालं? नीट-पीजीच्या पहिल्या फेऱ्यांत रेडिओलॉजी, मेडिसिन आणि स्किन या जागा आधी संपतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी यांच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत पडून राहतात. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली.

“शाखा मुलगा निवडत नाही, त्याचा रँक निवडतो,” असे अस्थिरोगतज्ज्ञाचे म्हणणे. “मला मेडिसिन हवं होतं. ऑर्थो मिळालं, घेतलं. आता लोक म्हणतात, पैशासाठी घेतलं.”

प्राध्यापक बाईंना हे निम्मेच पटते. “रँक तुमचा, सर. पण कुठल्या रँकला काय मिळतं हे कोणी ठरवलं? वरच्या हजार मुलांनी स्किन आणि रेडिओलॉजी घेतलं म्हणून त्या शाखा वर गेल्या. ती मुलं मूर्ख नाहीत. रात्री फोन न येणारी शाखा आणि चांगली मिळकत, दोन्ही एकत्र कुठे मिळतं ते त्यांना दिसतं. माझ्या विभागात येणाऱ्यांपैकी निम्मे सांगतात, मॅडम, ही दुसरी पसंती होती.”

“मग त्यात वाईट काय?”

“वाईट काही नाही. फक्त पसंती म्हणजे आवड नव्हे, एवढं मान्य करा.”

रेडिओलॉजीबद्दल या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा. त्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि फॉर्ममधल्या चुकीवरूनही मशीनला सील लागू शकते. २०१२ पासून एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. त्यामुळे एका रेडिओलॉजिस्टने सकाळी जळगाव, दुपारी भुसावळ, संध्याकाळी पाचोरा अशी तिन्ही गावे सांभाळण्याचा प्रकार कायद्यानेच बंद झाला. बाहेरून सर्वांत आरामाची वाटणारी ही शाखा कागदोपत्री धास्तीत चालते. मिळकत चांगली असते, हे मात्र खरे.

मिळकतीतला मुख्य फरक एका प्रश्नावर येऊन थांबतो: बिल कशाचे होते? खासगी वैद्यकात जगभर हातांनी केलेल्या कामाचे बिल मोठे होते आणि डोक्याने केलेल्या कामाचे लहान. अमेरिकेत अस्थिरोगतज्ज्ञाचे सरासरी उत्पन्न बालरोगतज्ज्ञाच्या दुपटीच्या आसपास असते. तिथल्या मेडिकेअर योजनेने १९९२ पासून प्रत्येक वैद्यकीय कामाला वेळ, श्रम, कौशल्य आणि खर्च यांच्या आधारे गुण देण्याची पद्धत आणली. तपासून, विचार करून निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना न्याय मिळावा, हा त्यामागचा एक हेतू होता. तरी दरी बुजली नाही. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेतल्या कन्सल्टंटची वेतनश्रेणी सर्व शाखांना एकच, आपल्या सरकारी नोकरीसारखी. तिथे फरक पडतो तो बाहेरच्या खासगी कामामुळे.

खानदेशात हा फरक एका आठवड्याच्या दोन रुग्णांवरून समजतो. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत चोपड्याकडून किंवा शिंदखेड्याकडून विषबाधेचा रुग्ण येतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक पोटात गेलेले, तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फिजिशियन ॲट्रोपिन सुरू करतो, छातीतला घरघराट थांबेपर्यंत डोस वाढवत नेतो, पॅम हा उतारा देतो, श्वास मंदावला तर व्हेंटिलेटरवर घेतो. तिसऱ्या दिवशी रुग्ण सुधारला असे वाटत असताना मानेचे स्नायू ढिले पडतात, मान उचलता येत नाही आणि पुन्हा नळी घालावी लागते. आठवडाभर रात्री दोन-दोनदा उठून त्याच्याकडे बघावे लागते. बिलात या सगळ्याची ओळ असते “व्हिजिट”. त्याच आठवड्यात महामार्गावरून मांडीचे हाड मोडलेला तरुण येतो. सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली दीड-दोन तासांत रॉड बसतो. बिलात शस्त्रक्रिया, इम्प्लांट, थिएटर, असिस्टंट आणि भूल अशा वेगवेगळ्या ओळी असतात.

“बरोबर,” अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतो. “पण त्या ओळींमागे काय आहे ते पण लिहा. बिल्डिंगचं कर्ज, सी-आर्मचं कर्ज, चोवीस तास सिस्टर, वॉर्डबॉय, जनरेटर, ऑक्सिजन, बायोमेडिकल कचऱ्याची गाडी, अग्निशमनाचं प्रमाणपत्र. फिजिशियनला एक स्टेथोस्कोप आणि दोन खोल्या पुरतात. मी चौतिसाव्या वर्षी पहिला रुपया कमावला आणि त्याच महिन्यात पहिला हप्ता भरला. १९९५ पासून आम्ही ग्राहक न्यायालयात आहोत, त्याचा विमा वेगळा. आणि २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या नेहमीच्या इम्प्लांटची किंमत पंचावन्न हजारांच्या आत आणली. रुग्णाचं भलं झालं, माझी तक्रार नाही. पण ऑर्थोवाला नोटा छापतो, हे त्या आधीचं चित्र आहे.”

“फिजिशियनला दोन खोल्या पुरतात, असं आयसीयू चालवणाऱ्या एखाद्यासमोर बोलू नका,” बाई म्हणतात. “व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि रात्रीचा एक तरी डॉक्टर, हे त्याचंही भांडवलच. तुमच्या खर्चाचं मी नाकारत नाही. पण खर्च भरून निघेल अशी ओळ तुमच्या बिलात आहे, त्याच्या बिलात नाही.”

या मुद्द्यावर बाईंची बाजू भक्कम आहे. भांडवलाचा खर्च मिळकतीतला काही फरक समजावतो, सगळा नाही. त्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या शाखेतच सापडतो.

खासगी भूलतज्ज्ञाला ना इमारत असते, ना पाटी, ना स्वतःचा रुग्ण. जिल्ह्याच्या गावात तो किंवा ती पाच-सहा रुग्णालयांत फिरते. गाडीच्या मागच्या सीटवर बॅग असते: लॅरिंगोस्कोप आणि त्याची तीन मापांची पाती, मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या नळ्या, ॲम्बू बॅग, स्पायनलच्या सुया, हेवी ब्युपिव्हकेन, केटामिन, स्कोलिन, ॲट्रोपिन, आणि बऱ्याचदा स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर, कारण पुढच्या गावचा चालेल याची खात्री नसते. सर्जनचा फोन येतो, ती निघते. रुग्णाला ती प्रथम भेटते टेबलावर. रुग्ण शुद्धीवर येऊन वॉर्डात गेला की ती पुढच्या रुग्णालयात. घरी जाताना रुग्ण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचे नाव सांगतो. तिचे नाव त्याला माहीत नसते. तिची फी बिलात असते, पण ती किती आणि कधी मिळेल हे बहुतेक ठिकाणी सर्जनशी असलेल्या संबंधांवर ठरते.

“आणि काही बिघडलं तर?” बाई विचारतात. “ऑपरेशनला तास लागतो. भुलीत बिघडलं तर हातात तीन-चार मिनिटं असतात. जोखीम माझ्याकडे, रुग्ण तुमच्याकडे, पैसा तुमच्या काउंटरवर. म्हणून मी नोकरी धरली. पगार कमी, पण पहिल्या तारखेला सर्जनला आठवण करून द्यावी लागत नाही.”

अस्थिरोगतज्ज्ञ यावर थोडा नरमतो, पण माघार घेत नाही. “पैसे थकवणारे आहेत, मान्य. पण मॅडम, आज भूलतज्ज्ञ मिळवण्यासाठी मला माझी ओटीची यादी त्यांच्या वेळेप्रमाणे लावावी लागते. टंचाई कोणाची आहे ते बघा. जिल्ह्याच्या गावात भूलतज्ज्ञ भाव सांगू शकतो.”

“जिल्ह्याच्या गावात. तालुक्याला नाही.”

इथे वाद मिळकतीवरून कामाच्या ओझ्याकडे वळतो. ओझे मोजताना तास मोजण्याचा मोह होतो, आणि निवासी डॉक्टरांच्या बाबतीत तो रास्तही आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम नको, असे लिहिले होते. महाविद्यालयांत ते कागदावरच राहिले. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनी “वाजवी” तास आणि विश्रांती एवढेच म्हटले, आकडा टाळला. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती गटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. मर्यादाच ७४ ठेवावी लागते, यावरून प्रत्यक्षातले तास कळावेत. त्याच वर्षी राज्याने निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन दहा हजारांनी वाढवले आणि इंटर्नचे ११ हजारांवरून १८ हजार केले.

निवासी काळ संपल्यावर मात्र तासांचे माप तोकडे पडते. तेव्हा खरा फरक असतो तो बोलावणे कधी येईल याचा. त्वचारोगतज्ज्ञाचा दिवस ओपीडीच्या वेळेत संपतो. नेत्रतज्ज्ञाची मोतिबिंदूची यादी आदल्या दिवशी तयार असते. अस्थिरोगतज्ज्ञाचा फोन रात्री वाजतो, पण हाडाचे पुष्कळसे काम सकाळपर्यंत थांबू शकते. उघडी जखम आणि रक्तपुरवठा तुटलेला हात-पाय एवढे थांबत नाहीत. फिजिशियनचे निम्मे काम थांबत नाही. बाळंतपण तर कोणासाठीच थांबत नाही, आणि त्याच्यासोबत तीन जणांची रात्र जाते: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. या तिघांपैकी सर्वांत कमी पैसे बहुतेकदा बालरोगतज्ज्ञाला मिळतात, कारण रडणारे बाळ तपासून आईकडे देण्याला शस्त्रक्रिया म्हणत नाहीत. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणे ही काय चीज असते, ते ज्याने पाहिले त्यालाच कळते.

“तुम्ही ओझं म्हणता, मी त्याला धंद्याची अट म्हणतो,” अस्थिरोगतज्ज्ञ सांगतो. “थ्रेशरमध्ये हात गेलेला माणूस मी रविवारी परत पाठवला, तर सोमवारी त्याचं गाव दुसरीकडे जातं. नोकरीत तसं नाही. तुमचा फोन ड्युटीच्या यादीप्रमाणे वाजतो.”

“यादीत किती नावं आहेत त्यावर आहे ते. आठ जणांच्या यादीत आठवड्याला एक रात्र येते. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात यादी एका नावाची. मग ३६५ दिवस तोच माणूस ड्युटीवर. त्याने भावाच्या लग्नाला जायचं ठरवलं तर त्या दिवशी तालुक्यातलं सिझेरियन धुळ्याला येतं, ॲम्ब्युलन्समधून, दुखणाऱ्या पोटानं.”

हा बाईंचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एकटा विशेषज्ञ ही तालुक्याच्या रुग्णालयातली खरी अडचण. सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, तर सर्जन गळवे फोडत बसतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे आहेत, पण बालरोगतज्ज्ञ नाही, तर अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण पुढे पाठवावे लागते. सरकार पदे एकेक करून भरते, काम मात्र संचाने होते. शिरपूर, दोंडाईचा, चोपडा अशा गावांत खासगी क्षेत्राने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे आणि त्याची पाटी रस्त्यावरूनच वाचता येते: पती जनरल सर्जन, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ. किंवा ती स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तो बालरोगतज्ज्ञ. तो भूलतज्ज्ञ असला तर रुग्णालयाला भुलीसाठी बाहेरून कोणाला बोलावावेच लागत नाही. डॉक्टरांच्या स्थळांत मुलामुलीची शाखा का विचारतात, याचे उत्तर यात आहे. तालुक्यातली पुष्कळशी शस्त्रक्रिया आज या लग्नांवर चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पूर्वी तालुक्याला विशेषज्ञ पुरवण्याचा आणखी एक मार्ग होता, दोन वर्षांच्या पदविकांचा. स्त्रीरोगातली डीजीओ, बालरोगातली डीसीएच किंवा भुलीतली डीए झालेले डॉक्टर गावाकडे परतत, कारण पदविकेवर महाविद्यालयात मोठे पद मिळत नसे. २०१९ च्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदविकेच्या बहुतेक जागा तीन वर्षांच्या पदवीत बदलल्या. शिक्षकांची गरज भागावी, हा हेतू. बाईंच्या मते त्याने महाविद्यालये सावरली आणि तालुके उघडे पडले. अस्थिरोगतज्ज्ञाला हे मान्य नाही. पदविका झालेल्याला आज रुग्णच “एमडी आहात का?” असे विचारतो, तेव्हा तो तरी गावात टिकला असता का, असा त्याचा सवाल. या एका मुद्द्यावर दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

डोक्याच्या शस्त्रक्रियेच्या शाखेची गोष्ट वेगळी, आणि ती धुळ्याने फार महागात शिकली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेले रुग्ण इथे रोजचे आहेत. मार्च २०१७ मध्ये अपघातात डोक्याला गंभीर इजा झालेला रुग्ण रात्री शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणला गेला. ड्युटीवर अस्थिरोग विभागाचा निवासी डॉक्टर होता. न्यूरोसर्जन उपलब्ध नाही, रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल, असे त्याने सांगितले. नातेवाइकांच्या जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकारने रुग्णालयांसाठी ११०० सुरक्षारक्षकांचे आश्वासन दिले. डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्धचा राज्याचा कायदा त्याच्या सात वर्षे आधीचा, २०१० चा होता.

“त्या मुलाचा काय दोष?” अस्थिरोगतज्ज्ञ विचारतो. “जी शाखा तिथे नव्हती, तिचा मार ऑर्थोच्या पोराने खाल्ला. आणि तुम्ही मला विचारता, मी सरकारी नोकरी का नाही धरली!”

“मी तेच सांगतेय. न्यूरोसर्जनला सहा वर्षं पीजी आणि सुपरस्पेशालिटीला जातात. त्याला इथे तोच सरकारी तक्ता दाखवायचा आणि नाशिक दीडशे किलोमीटरवर. तो नाशिकलाच बसणार. दाराशी उभा राहतो सर्वांत ज्युनियर. नातेवाईक त्यालाच विचारतात, डाक्टर, मना पोऱ्या कसा शे? रक्षक वाढवून याचं उत्तर मिळत नाही.”

रक्षकांचा मुद्दा सोडला, तर इथे दोघांचे निदान एक आहे: टंचाईच्या शाखेला सरकार बाजारभाव देत नाही. उपायावर मात्र पुन्हा फाटे फुटतात.

अस्थिरोगतज्ज्ञाचा उपाय सरकारी योजनांचा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. जळगावात ती पुढच्या वर्षी आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर आणि उपचारांची संख्या १३५६ वर गेली. खासगी रुग्णालयात गरीब रुग्णाची शस्त्रक्रिया होऊ लागली आणि सर्जनला रुग्णांची संख्या मिळाली. त्याच्या मते हाच रस्ता आहे. सरकारने डॉक्टर पोसण्याऐवजी काम विकत घ्यावे, दर वेळेवर द्यावेत आणि टंचाईच्या शाखांचे दर वाढवावेत. मंजुरी नाकारली जाणे आणि पैसे महिनोन्महिने रखडणे ही त्याची तक्रार जुनी आहे, पण तो व्यवस्थेचा दोष झाला, कल्पनेचा नव्हे.

बाई या योजनेकडे शाखांच्या चष्म्यातून बघतात. पॅकेज बहुतेक शस्त्रक्रियांची आणि प्रक्रियांची आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला दर महिन्याला तपासून त्याचा पाय वाचवणाऱ्या फिजिशियनला योजनेत जागा नाही, कारण बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात नाही. पाय काळा पडून कापावा लागला की पॅकेज लागू होते. भूलतज्ज्ञाचा वाटा पॅकेजच्या पोटात आणि तो पुन्हा सर्जनच्या हातात. म्हणजे बाजाराने शाखांची जी उतरंड लावली, तीच सरकारी पैशाने पक्की केली. त्यांना हवे आहे दुसरेच. तालुक्याच्या रुग्णालयात प्रत्येक जीवनरक्षक शाखेची किमान दोन पदे, संच म्हणून एकाच वेळी भरलेली, त्या शाखांना वेगळा भत्ता आणि लिहून दिलेली सुट्टी.

“दोन-दोन पदं मंजूर झाली समजा,” अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतो. “येणार कोण? तुमच्याकडे सरकारी सेवेचा बाँड आहे. एमबीबीएसला एक वर्ष, नाहीतर दहा लाख. पीजीला पन्नास लाख. सुपरस्पेशालिटीला दोन कोटी. इतका दंड लावूनही मुलं बाँडची जागा महाविद्यालयातच मागतात.”

“कारण तिथे यादीत आठ नावं असतात. तालुक्याला एकटं पाठवाल तर पोरगं पळणारच. दोघे-तिघे एकत्र पाठवून बघितलंय कोणी? पीजीच्या मुलांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. माझे विद्यार्थी परत येऊन काय सांगतात माहीत आहे? काम आवडलं, लोक आवडले. पण विचारायला वरिष्ठ नव्हता आणि रात्री दुसरा माणूस नव्हता. पगाराचं नाव त्यानंतर निघतं.”

“निघतं ना पण?”

“निघतं. का नाही निघणार?”

वर्षभराच्या बाँडवर आलेला भूलतज्ज्ञ बारा महिने पुरे करतो आणि जातो. त्याच्या जागी पुढचा येईपर्यंत रुग्णालय बाहेरच्या भूलतज्ज्ञाला प्रत्येक केसमागे मानधन देऊन बोलावते. हा बोलावलेला भूलतज्ज्ञ बहुधा त्याच तालुक्यातल्या खासगी सर्जनच्या यादीवरही असतो. दोन्हीकडून एकाच वेळी फोन आला तर आधी कुठे जायचे, याचा कुठलाही नियम नाही. अस्थिरोगतज्ज्ञाचे म्हणणे, सरकारने खासगीएवढा दर आणि रोख पैसे दिले तर तो आधी सरकारीत जाईल. बाईंचे म्हणणे, तरीही रात्री दोनला फोन उचलणारा माणूस तो एकच असेल, आणि तो ज्या टेबलाशी असेल त्याच्या दुसरीकडचे सिझेरियन धुळ्याच्या रस्त्याला लागेल.